शिवलं की खेळायचं

माणिकच्या खेळाबद्दल वडनेर भोलजीत आजही दोन मतं आहेत. एक मत असं, की असा धाडसी बुद्धिबळपटू नांदुऱ्यापासून मलकापुरापर्यंत दुसरा झाला नाही. दुसरं मत त्याच्या आईचं. ते असं, की पोराला मोहरे सांभाळता येत नव्हते.

चांगुणाबाईला पटावरचं काही कळत नव्हतं. पण दिलेली वस्तू परत आली की नाही, एवढं तिला कुठल्याही खेळात कळायचं. आणि तिचा लेक पटावर बसला की नुसता देत सुटायचा. आधी प्यादं द्यायचा, मग उंट, मग घोडा, आणि डाव रंगात आला की दोन्ही हत्ती. एरवी हाच माणिक इतका जपून वागायचा की तिला त्याचीही काळजी वाटे. दाराची कडी तीनदा ओढून पाही. बैलगाडी येताना दिसली की ती वेशीजवळ असतानाच हा बांधावर चढून उभा राही. गल्लीत कोंबडी आडवी आली तर आधी तिला जाऊ देई. असा माणूस पटावर बसल्यावर त्याच्या अंगात काय शिरतं, हे चांगुणाबाईला कळत नसे, आणि विचारलं तर माणिक म्हणे, "माय, तो हल्ला असते."

"हल्ला करनारा मानूस आपलेच हत्ती मारून घेते का बे?"

"मरतच नाहीत ते."

"काऊन?"

यावर माणिक नुसता हसे. कारण खरं होतं. ते मरत नव्हते. का मरत नव्हते, ते सांगायचं तर भगवानरावांच्या ओट्यावर जावं लागेल.

भगवानराव हे गावचे मोठे पाटील. शेती नदीपर्यंत, मिशा कानापर्यंत आणि बुद्धिबळाचा नाद त्याच्याही पलीकडे. तीस वर्षं ते एका निवृत्त तलाठ्याशी रोज दुपारी खेळले. एकोणसाठ साली तलाठी वारले. भगवानरावांनी रीतीप्रमाणे सुतक पाळलं आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पट मांडून बसले, तर समोर कोणी नाही. चार महिने ते स्वतःशीच खेळले. पांढरे त्यांचे, काळेही त्यांचेच. तरी ते काळ्यांना फसवायचे.

त्याच सुमारास माणिक मॅट्रिक पास होऊन रिकामा बसला होता. इंग्रजीत एकदा नापास होऊन दुसऱ्या खेपेला सुटला होता. त्यांच्या वस्तीतला तो पहिला मॅट्रिक. वस्तीनं धर्म बदलून तीन वर्षं झाली होती, देव्हारे उतरवले होते, गावकीची कामं सोडली होती. पण शेतं पाटलाचीच होती, त्यामुळे चांगुणाबाई निंदायला, वेचायला तिथंच जायची. एके दुपारी माणिक आईला शोधत पाटलाच्या आवारात आला आणि ओट्याखाली उभा राहिला. वर पट मांडलेला. भगवानराव काळ्या घोड्याकडे पाहून गालातल्या गालात हसत होते.

"मालक," माणिक खालून म्हणाला, "तो घोडा तुमी मारान, पन तुमचा वजीर जाईन."

बुद्धिबळ त्याला कोणी शिकवलं, हे कोणालाच माहीत नाही. तो म्हणायचा, शाळेत वर्गाच्या भिंतीला भोक होतं, पलीकडे मास्तर लोक खेळायचे. भगवानरावांनी पटाकडे पाहिलं, माणिककडे पाहिलं, पुन्हा पटाकडे पाहिलं. वजीर खरंच जात होता.

"येतं का बे तुले?"

"थोडं येतं."

इथून पुढे अडचण सुरू झाली. खेळायला तर हवा होता. पण बसवायचा कुठे? माणिकला ओट्यावर घेता येईना, भगवानरावांना खाली उतरता येईना. पहिले आठ दिवस दोन पट मांडले. एक वर, एक खाली, आणि चाली ओरडून सांगायच्या. विसाव्या चालीपर्यंत दोन्ही पटांवर वेगळाच डाव झालेला असे. एकदा भगवानराव वर जिंकले आणि त्याच वेळी माणिक खाली जिंकला. दोघंही खूश होऊन उठले.

शेवटी एकच पट पायरीच्या काठावर ठेवायचं ठरलं. पांढरे मोहरे भगवानरावांचे, ते घरात, देवघराच्या कोनाड्यात. काळे माणिकचे, ते एका गोणपाटाच्या पिशवीत घालून गोठ्यातल्या खुंटीला. माणिकनं पांढरं काही खाल्लं की ते पाटील स्वतःच उचलून घ्यायचे. इतपत सगळं नीट बसलं. पण बुद्धिबळात एक गोष्ट अशी आहे की ती टळत नाही. समोरच्याचा मोहरा खायचा असेल तर तो उचलावा लागतो. आणि ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या हातचा उंट कसा खायचा?

यावर भगवानरावांनी कडूबाला नेमलं. कडूबा त्यांचा सालदार. पाटलांना काही खायचं झालं की ते ओरडायचे, "कडूबाऽ, उचल रे तो घोडा!" मग कडूबा गोठ्यातून शेणाचे हात घेऊन यायचा, पटाकडे बघायचा आणि बऱ्याचदा पाटलांचाच घोडा उचलायचा. मग शिव्या. मग तो घोडा धुवायचा. मग गोमूत्र. एक मोहरा खायला अर्धा तास. भगवानराव मुळात आळशी माणूस. त्यांनी हळूहळू खाणंच सोडलं. फारच जिवावर आलं तरच कडूबाला हाक, नाहीतर बाजूनं चाल.

माणिकच्या हे महिन्याभरात लक्षात आलं. मोहरा पाटलाच्या तोंडाशी नेऊन ठेवला तरी पाटील खात नाही. दुसऱ्या महिन्यात त्याहून बारीक गोष्ट लक्षात आली. कडूबा बैलं घेऊन विहिरीवर गेला, की तासभर पाटील काहीच खाऊ शकत नाही. पुढे त्या भागात माणिकच्या हल्ल्याच्या वेळेचं जे कौतुक झालं, 'नेमक्या क्षणी तुटून पडतो' असं जे लोक म्हणत, त्या वेळेचं गुपित एवढंच होतं. बैलांना तहान लागली की माणिक तुटून पडायचा.

अशी चार वर्षं गेली. शेकडो डाव झाले. माणिकच्या हाताला बचावाची सवयच लागली नाही. राजापुढची प्यादी तो सरसकट सोडायचा, वजीर तिसऱ्या चालीला बाहेर काढायचा, हत्ती शत्रूच्या घरात नेऊन उभा करायचा आणि शांत बसायचा, जसा काही तो तिथं पाहुणा म्हणून गेलाय. भगवानराव मिशा चावायचे. दहातले सात डाव माणिक जिंकायचा. चांगुणाबाईला हे आवडत नव्हतं.

"जिंकत नोको जाऊ एवढा," ती म्हणायची. "मानूस मोठा हाये. आपल्याले काम त्याच्याच वावरात करा लागते."

"मी काय करू माय? मी देतो, तो घेतच नाही."

बासष्ट साली जिल्हा परिषदा झाल्या, पंचायत समित्या झाल्या आणि भगवानराव समितीचे सभासद झाले. त्रेसष्टच्या डिसेंबरात प्राथमिक शिक्षकांच्या जागा निघाल्या. माणिकनं अर्ज लिहिला. अर्जासोबत एक छापील कागद जोडायचा होता. चालचलणुकीचा दाखला, आणि त्यावर समितीच्या सभासदाची सही. गावात सभासद एकच होते.

चांगुणाबाई तो कागद घेऊन महिनाभर पाटलाच्या दारात जात होती. पहिल्यांदा भगवानराव म्हणाले, चष्मा नाही. मग म्हणाले, आज अमावास्या. मग म्हणाले, विचार करून राह्यलो. कागद घडी घालून घालून मधोमध फाटायला आला. तिनं त्याला मागून भाताची खळ लावून पट्टी चिकटवली आणि तो पदराच्या टोकाला बांधून ठेवायला लागली. निंदताना, वेचताना, पाणी भरताना दर थोड्या वेळानं ती गाठ चाचपून पाहायची. तिला स्वप्नं पडायची की कागद शेळीनं खाल्ला.

त्याच वेळी गावच्या शाळेत बुद्धिबळाची स्पर्धा भरायची ठरली. हिंमतराव मास्तरांनी ती काढली. हे तरुण, चष्मेवाले आणि पुस्तकी. त्यांच्याकडे नव्या, परदेशी नियमांची एक पातळ पुस्तिका होती आणि ती त्यांनी इतकी वाचली होती की बायकोशी बोलतानाही ते कलम सांगायचे. ढाल भगवानरावांनी दिली. दिली म्हणजे थोड्या दिवसांसाठी. स्वतःच जिंकून परत न्यायची, असा त्यांचा हिशेब होता. बक्षीस द्यायला बीडीओ साहेब येणार होते. ते पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले.

स्पर्धेच्या चार दिवस आधी चांगुणाबाई पुन्हा दारात गेली. भगवानराव पान जुळवत होते.

"चांगुणे," ते म्हणाले, "तुहा पोरगा बी खेळून राह्यला म्हनते इतवारी."

"हाव मालक."

"खेळू दे. चांगलं हाये. इतवारचा डाव झाला का पाहू तुह्या कागदाचं. कसा होते डाव, त्याच्यावर हाये सारं."

याच्यापेक्षा उघड कोणी बोलत नाही. चांगुणाबाई घरी आली आणि माणिकसमोर बसली.

"हार त्याले."

माणिकनं उठून दाराची कडी ओढून पाहिली.

"एक डाव. लेका, एक डाव हार आन् जनमभर मास्तर व्हय. सोमवारी कागद बुलढान्याले पोचला पायजे. मंग कितीबी जिंक. माह्या पायाची शपथ."

माणिकनं शपथ घेतली. तो घाबरट होता, पण शब्दाचा पक्का होता. हरायचं, हे त्यानं मनापासून ठरवलं. फक्त हरायचं कसं, हे त्याला येत नव्हतं. त्याला एकच खेळ यायचा.

रविवारी सकाळपासून स्पर्धा चालली. सोळा जण होते. माणिक तीन फेऱ्या जिंकला. दोन समोरचे घाबरून गेले म्हणून, आणि तिसऱ्या फेरीत समोर आला शेषराव कंडक्टर. हा शेषराव एकटा खरा भेटला. त्यानं माणिकनं पुढे केलेलं सगळं पटापट हातानं उचललं आणि खिशात टाकावं तसं बाजूला टाकलं. पंधराव्या चालीला माणिककडे राजा, वजीर आणि मोजकी प्यादी उरली. हरायची सवय नसलेला माणिक एकदम घामेजला. पण तेवढ्यात मलकापूर गाडीची वेळ झाली. शेषराव तिकिटांची पेटी काखेत मारून उठला आणि म्हणाला, "तूच जिंक बे, माह्या गाडीचे लोक बोंबलून राह्यले." असा माणिक शेवटच्या डावात गेला. समोर भगवानराव होते. त्यांना त्यांच्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांनी मोठ्या आदरानं जिंकू दिलं होतं.

शेवटचा डाव शाळेच्या मोठ्या खोलीत. मधे टेबल, दोन खुर्च्या. पाटील आणि माणिक पहिल्यांदाच एका उंचीवर बसले. गाव भिंतीला टेकून उभं होतं, पुढे बीडीओ साहेब आरामखुर्चीत. चांगुणाबाई दाराशी, पदराची गाठ मुठीत धरून. कडूबाही आला होता आणि सवयीनं पाटलांच्या पाठीशी उभा राहिला होता. हिंमतरावांनी त्याला बाहेर काढलं. "पटाला खेळणाऱ्यांखेरीज कोणी हात लावायचा नाही." मग पुस्तिका उघडून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, आणि गावाला समजावं म्हणून सोपं करून सांगितलं, "शिवलं की खेळायचं. आपल्या ज्या मोहऱ्याला शिवाल तो चालवायचा. समोरच्याच्या मोहऱ्याला शिवाल, तर तो खायचा. मागे फिरायचं नाही."

'शिवलं' म्हटल्यावर खोलीत कोणीतरी खाकरलं. हिंमतरावांच्या ते लक्षातही आलं नाही. पाटलांनी मात्र खिशातून हिशेबाची लांब पेन्सिल काढली आणि टेबलावर ठेवली.

काळे माणिकला आले. पांढरे आले असते तर तो गांगरून हरलाही असता.

त्यानं प्रामाणिकपणे हरायला सुरुवात केली. चौथ्या चालीला प्यादं पुढे केलं. घ्या. पाटलांनी बाजूचं प्यादं सरकवलं. माणिकनं उंट नेऊन त्यांच्या वजिराच्या पुढ्यात ठेवला. पाटलांचा हात उठला, उंटावर थांबला, आणि तोंडातून निघून गेलं, "कडू..." लोक हसले. पाटलांनी हात मागे घेतला आणि वजीर हलवला. माणिकनं घाबरून हत्ती बाहेर काढला, उघड्यावर ठेवला, वर आईकडे पाहिलं, म्हणजे बघ माय, मी देऊन राह्यलो. चांगुणाबाईनं मान डोलावली. तिला बरं वाटलं. पोरगं शपथ पाळतंय. वस्तू जाताहेत.

पण जात नव्हत्या. अठराव्या चालीपर्यंत माणिकनं हरायसाठी म्हणून दिलेलं सगळं पाटलांच्या राजाभोवती दाटीवाटीनं उभं होतं. लग्नघरात न बोलावलेले पाहुणे शिरावेत आणि यजमानाला चुलीपाशी जाता येऊ नये, तशी पाटलांच्या राजाची गत झाली. भिंतीला टेकलेले लोक कुजबुजायला लागले. "काय खेळून राह्यला बे! सारं झोकून देल्लं!" माणिकच्या कपाळावर घाम. त्याला काय होतंय ते दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. शेवटचा उपाय म्हणून त्यानं आपला घोडा उचलून थेट पाटलांच्या राजाच्या दारात, त्यांच्या कडेच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. एवढा मोठा घोडा. एका प्याद्यानं खाता येईल असा. याहून जास्त कोणी काय देणार?

भगवानराव वाकले. घोडा मोठा होता, त्याच्याखालचं घर काळं की पांढरं ते दिसेना. त्यांनी पेन्सिल उचलली आणि तिच्या टोकानं घोडा जरासा बाजूला सरकवला. खालचं घर पाहिलं. मग पेन्सिल ठेवून ते दुसरीकडे चाल करायला वळले.

"पाटील," हिंमतराव म्हणाले, "शिवलं."

भिंतीला टेकलेली माणसं सरळ झाली. हिंमतरावांचा आवाज शेवटी बसला. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

"कोन शिवलं?" भगवानराव म्हणाले.

"आपण. काळ्या घोड्याला. आता तो खावा लागेल."

"मी नाही शिवलो. पेन्सिल शिवली."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पाटलांनी वळून पाहिल्यावर ते थांबलं. हिंमतरावांनी पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळली.

"लिवेल हाये का त्याच्यात पेन्सिलीचं?" पाटलांनी विचारलं.

"पेन्सिलीचं... नाही."

"मंग?"

हिंमतरावांना बदलीची भीती होती आणि नियमांचं प्रेम होतं. त्यांनी चष्मा पुसला. मग पळवाट सापडल्यासारखे माणिककडे वळले. "समोरच्या खेळाडूची हरकत असेल तरच हा नियम लागतो. माणिक, तुझी हरकत आहे का?"

माणिकची हरकत नव्हती. असायचं कारणच नव्हतं. तो 'नाही' म्हणाला असता तर पाटील दुसरी चाल खेळले असते, माणिकनं वजीरही देऊन टाकला असता, संध्याकाळी सही झाली असती. त्यानं तोंड उघडलं, आणि मग आईकडे पाहिलं.

चांगुणाबाई पेन्सिलीकडे बघत होती. चार वर्षं तिनं लेकाला पायरीखाली वाकून खेळताना पाहिलं होतं. गोठ्यातली ती पिशवी पाहिली होती. तिला वाटायचं, तेवढं चालायचंच. पण इथं टेबल होतं, खुर्च्या होत्या, कायदा होता, साहेब होता, आणि तरी तो माणूस माझ्या पोराच्या घोड्याला काडीनं ढकलत होता, जसं मेलेलं उंदराचं पिल्लू ढकलावं. भीती तर तिला रोजच असायची. आजही होती. पण त्या भीतीवर काहीतरी दुसरं चढून बसलं.

"गुर्जी," ती दारातून म्हणाली, "इचारू का एक?"

"विचारा बाई."

"ते पेन्सिल आपूनच चालली का?"

लोक हसले. भगवानराव गरजले, "चांगुणे, तुले काय समजते याच्यातलं?"

"नाई समजत मालक. म्हनूनच इचारते. माह्या पोरानं टाकानं पेपर लिवला. मंग मॅट्रिक कोन झालं? पोरगं का टाक?"

आता जे हसले ते थांबले नाहीत. बीडीओ साहेबही आरामखुर्चीत हलले. चांगुणाबाईनं लेकाकडे पाहिलं. "मान्क्या," ती म्हणाली, "हाये हरकत. सांग त्याहिले."

"माय, पन शपथ..."

"शपथ माह्या पायाची होती. पाय माहे हायेत. खेळ."

हिंमतरावांनी पुस्तिका मिटली. "घोडा खावा लागेल, पाटील." भगवानरावांनी पुन्हा पेन्सिलीला हात घातला. "हातानं," हिंमतराव म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज बसला नाही.

भगवानरावांनी विंचवाची नांगी धरावी तसा दोन बोटांनी काळा घोडा उचलला. चार वर्षांत पहिल्यांदा. तो ठेवायचा कुठे ते त्यांना कळेना, म्हणून काही वेळ तो हातातच राहिला. मग त्यांच्या कडेच्या प्याद्यानं घोड्याची जागा घेतली, आणि ते प्यादं बाजूला सरल्यामुळे पटाच्या कडेची सगळी पट्टी उघडी पडली. त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला माणिकचा दुसरा हत्ती होता. डाव सुरू झाल्यापासून हललाच नव्हता. तोही द्यायचा म्हणून माणिकनं राखून ठेवला होता. पुढच्या चार चाली माणिकनं विचार न करता केल्या. पाटलांच्या राजाला जायला घर उरलं नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी शिट्टीही मारली. माणिक एवढा घाबरला होता की त्यानं उभं राहून पाटलांना नमस्कार केला आणि म्हणाला, "मालक, चुकलं."

त्याच गडबडीत चांगुणाबाई टेबलापर्यंत आली. तिनं पदराची गाठ दातानं सोडली, कागद उलगडला आणि पटावर, उरलेल्या मोहऱ्यांच्या मधे ठेवला.

"काय आहे बाई?" साहेबांनी विचारलं.

"चालचलनुकीचा दाखला हाये साहेब. म्हैना झाला. पाटील म्हने, इतवारचा डाव झाला का पाहू. डाव झाला."

साहेब नवे होते. त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. ते प्रसन्न हसले. "मग करा की सही, पाटील. मुलाची चाल तर आपण सगळ्यांनीच पाहिली."

भगवानरावांनी साहेबांकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या गावाकडे पाहिलं. स्वतःच दिलेल्या ढालीकडेही पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल उचलली.

"पेन्सिल नाई चालत मालक," चांगुणाबाई हळूच म्हणाली. "शाईच पायजे."

पाटलांच्या खिशात पेन नव्हतं. माणिकच्या होतं. त्यानं ते पुढे केलं आणि भगवानरावांनी ते घेतलं. 'चालचलणूक' या छापील शब्दापुढे त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं, 'उतावळी, परंतु चांगली', आणि खाली सही केली. पुढे बुलढाण्याच्या कचेरीत एका कारकुनानं माणिकला विचारलं होतं, की उतावळी म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?

सही झाली म्हणून सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या वावरात चांगुणाबाईला काम नव्हतं, तिसऱ्या दिवशीही नव्हतं. गोठ्यातली पिशवी खुंटीवरच राहिली. कडूबा सांगे, की दुपारी पाटील पट मांडतात आणि काळ्यांकडून आता फार उघडं खेळतात. जूनमध्ये माणिकला नेमणूक मिळाली, तीही जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, लोणाराकडच्या बीबीला. मायलेक दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन एसटीत बसले. ढाल पेटीत मावेना, म्हणून चांगुणाबाईनं ती अख्खा रस्ता मांडीवर धरली आणि प्रत्येक वळणावर माणिकला खिडकीतून हात आत घ्यायला सांगितलं.

माणिक मास्तरांची बुद्धिबळातली पुढची कारकीर्द थोडक्यात सांगता येते, कारण ती थोडकीच होती. सहासष्ट साली ते मोठ्या स्पर्धेसाठी अकोल्याला गेले. चांगुणाबाईनं डबा बांधून दिला, चार भाकरी, ठेचा, आणि कोणाची नजर लागू नये म्हणून एक भाकर जास्तीची. तीन दिवसांची स्पर्धा होती. मास्तर दुसऱ्याच दिवशी दुपारी परत आले. चांगुणाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं लेकाचं तोंड पाहिलं. तो हसत होता.

"जेवला का?" तिनं आधी ते विचारलं.

"त्यानंच खाल्लं माय."

"कोनं?"

"समोरच्यानं. कोनी बँकेतला मानूस होता. मी हत्ती देल्ला, त्यानं खाल्ला. दुसरा देल्ला, तोबी खाल्ला. उंट, घोडा, सारं. बिनधास्त, हातानं उचलून. एकोनीस चालीत हारलो मी."

"आन् हसून काऊन राह्यला बे?"

माणिक पायरीवर बसला. "नाव इचारलं त्यानं आधी. आडनाव इचारलं, गाव इचारलं. सारं इचारलं, समजलं त्याले. मंगच बसला. आन् तरी खाल्लं."

चांगुणाबाईचं सूप थांबलं.

"हात धुतले का मंग त्यानं?"

"नाई. त्याच हातानं तुही भाकर खाल्ली माह्यासंगं. जास्तीची होती नं एक."

कोंबड्या ज्वारीत शिरल्या होत्या, तरी तिनं त्यांना हाकललं नाही. मग तिनं सूप पुन्हा उचललं.

"ते ठीक हाये," ती म्हणाली. "पन हत्ती तं सांभाळाले पायजे होते."